कोल्डसीच्या वाळूवरची नऊ माणसं

दिवा जरा बारीक करा आणि ते दार नीट ओढून घ्या. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही पोरं पाहुण्यांना वाळूवरून बेटावर आणणार, म्हणून हे एकदा तुमच्या कानांवर घालतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ज्याच्यावर बेतलं तो हेडली डॉड्स अजून चार घरं सोडून राहतो. त्याला मात्र यातलं काही विचारायला जाऊ नका.

गेल्या वर्षीची गोष्ट. आठ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी साडेतीनला हेडली पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बसथांब्यावर पाहुण्यांना आणायला गेला. उन्हाळ्यात आपल्या कोल्डसीवर पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळ्यात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. म्हणून त्याच्या बायकोनं, नेलनं, ही संध्याकाळची पायपीट काढली होती. ओहोटीत तीन मैल वाळू तुडवायची, वाटेत मठाचा आणि लुटारूंचा इतिहास ऐकायचा, अंधारात सील प्राण्यांचं गाणं ऐकायचं आणि बेटावर पोचल्यावर गरम सूप. शहरातली माणसं अशा गोष्टींवर जीव टाकतात. आपल्याला त्यात काय मजा ते कधी कळलं नाही, पण मुक्कामाच्या खोल्या भरत होत्या, तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही.

नावांची यादी बेटावर नेलजवळ होती. हेडलीला एवढंच ठाऊक होतं, की नऊ माणसं आणायची. वाटेची खूण म्हणून वाळूत खांब रोवलेत, त्यातल्या पहिल्या खांबाशी त्यानं डोकी मोजली. नऊ. सगळ्यांनी टोपीचे रेनकोट चढवले होते, कपाळाला दिवे बांधले होते. सव्वासातला भरती वाट बंद करणार होती आणि साडेसहाला ते घरी पोचणार होते. घाई कसलीच नव्हती.

आपले दोन नियम तुम्हाला दुधाबरोबर पाजलेत. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीनं चालायचं, हा एक. आणि अंधार पडल्यावर वाळूवर कुणाला नावानं हाक मारायची नाही. समुद्राला नाव कळलं की तो ते विसरत नाही, असं आपल्या आज्या सांगत आल्या. म्हणून आपण डोकी मोजतो, नावं घेत नाही. खरं-खोटं देव जाणे, पण बेटावरचा एकही माणूस हा नियम मोडणार नाही.

सगळ्यात हळू चालणारे होते एक म्हातारे गृहस्थ, ॲल्बन पिम. निवृत्त मास्तर असावेत असं बोलण्यावरून वाटे. बाकीचे बसमधून उतरले तेव्हा हे आधीच बाकावर बसलेले होते. कुठून आले, कसे आले, कुणी पाहिलं नव्हतं. आणि माणसाला माहिती तरी किती! हेडलीनं मठ जळाल्याची गोष्ट रंगवायला घेतली, की हे मागून म्हणायचे, "माफ करा हं, पण तेव्हा छप्पर दगडी नव्हतं. गवताचं होतं."

"तुम्ही होता वाटतं तिथं?" हेडलीनं टोमणा मारला. सगळे हसले.

"आणि हे खांब. हे पूर्वी या रेषेत नव्हते," पिम म्हणाले. "आणखी दक्षिणेला होते. वाळू सरकली, माणसं बुडाली, मग खांब हलवले. सगळे सापडले नाहीत."

हे आपल्या बेटाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. हेडलीच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं विचारलं, "आज बसनं नाही आलात?"

"नाही. चालत आलो."

"कुठून?"

पिमनी नुसता मागं हात केला. मागं धुकं होतं. त्यात काय दिसणार?

हेडलीला असली माणसं आवडत नाहीत. त्याच्या पाठोपाठ एक बाई चालत होती, ती बरी. एक प्रश्न नाही, एक तक्रार नाही, स्वतःचा दिवासुद्धा न लावता त्याच्याच उजेडावर भागवत होती. सगळे पाहुणे असे असते तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

साडेपाचला ते मधल्या मचाणाशी पोचले. उंच खांबांवरची ती पांढरी लाकडी खोली, अडकलेल्यांसाठीची. धुकं आता चांगलंच दाटलं होतं. हेडलीनं डोकी मोजली.

दहा.

त्यानं पुन्हा मोजली, या वेळी बोट दाखवत. दहा.

"काय झालं?" एका पाहुण्यानं विचारलं.

"काही नाही. पाय उचला."

पहिल्या खांबाशी मोजलं तेव्हा पिम बाकावर बसून बूट घालत होते. त्यांना आपण नवात धरलं होतं का? हेडलीला आठवेना. जितकं आठवायला जावं तितकं वाटू लागलं, की नव्हतं धरलं. बस नाही. गाव नाही. बुडालेल्यांची खडान्‌खडा माहिती. आणि सारखं मागं मागं राहायचं...

पुढं निघाल्यावर पिम आणखी मागं पडले. "गुडघा धरलाय," म्हणाले. "जरा थांबता का?"

हेडली थांबला. नियमच तसा आहे. पायाखालच्या ओघळात पाणी घोट्यापर्यंत आलेलं. पिम आले, चार पावलं चालले, पुन्हा मागं पडले. पुन्हा हेडली थांबला. पाणी पिंडरीला लागलं. पाहुण्यांतली एक मुलगी रडायला लागली.

त्याच्या मनात काय चाललं असेल, विचार करा. हा माणूस खरा असेल तर त्याला सोडणं म्हणजे जीव घेणं. खरा नसेल तर त्याच्यासाठी थांबणं म्हणजे बाकीच्यांना बुडवणं. दोन्हीकडून पाप त्याच्याच माथी. आणि ठरवायला हातात किती वेळ? पाणी गुडघ्याला येईपर्यंत.

तेवढ्यात मागून धुक्यातून हाक आली.

"हेडली..."

वाळूवर. अंधारात. नाव घेऊन.

"हेडली... थांबा... हेडली..."

झालं. त्याचा संशय फिटला. जिवंत माणूस अशी हाक मारणार नाही. तो फक्त एकदा वळला, "मचाणावर चढा!" एवढं ओरडला आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागला. "मागं बघू नका," पाहुण्यांना म्हणाला. "कुणी मागं बघायचं नाही." हाक येत राहिली. मग लांबून आली. मग... नाही आली.

बेटावरच्या पायऱ्यांशी तो कंदील धरून उभा राहिला आणि एकेक माणूस वर जाताना मोजला. सात. आठ. नऊ. त्याला तिथंच रडू फुटलं. बरोबर नऊ.

सभागृहात नेलनं सुपाचे नऊ पेले भरले. सगळ्यांच्या हाती दिले. मग यादी काढून नावं वाचू लागली. घरात नाव घ्यायला हरकत नसते. आठजणांनी ओ दिली.

"पिम," नेल म्हणाली. "ॲल्बन पिम?"

पाहुणे एकमेकांकडं बघू लागले.

"हेडली, अरे, ते मास्तर कुठं आहेत? पत्रात लिहिलं होतं त्यांनी, पलीकडच्या खेड्यात बहिणीकडं उतरलोय, तिथून चालत येईन म्हणून."

"नऊ आणलेत मी," हेडली म्हणाला. "पायऱ्यांवर मोजलेत."

नेलनं खोलीत बघितलं. "आठ आहेत."

"तू पेले किती भरलेस?"

नेलनं खिडकीकडं बोट केलं. नववा पेला तिथं होता, काठोकाठ भरलेला.

बचावाची बोट निघाली तेव्हा हेडली स्वतः वल्ह्याशी बसला. मी त्याच्या शेजारी होतो, म्हणून पुढचं ऐकीव नाही. पावणेनऊला मचाणावर पिम सापडले. थंडीनं निळे पडले होते, पण जिवंत होते. त्यांना घोंगडीत गुंडाळताना हेडली नुसता "मास्तर, मास्तर" म्हणत होता.

"तुमच्यावर राग नाही माझा," पिम म्हणाले. दात वाजत होते त्यांचे. "मी गुडघ्यासाठी नव्हतो हो हाका मारत. तुमच्या पाठोपाठ चालणारी ती बाई... मचाणाच्या आधीपासून बघत होतो मी. पाण्यात सगळ्यांच्या पायांचा आवाज होत होता. तिच्या पायांचा होत नव्हता. म्हटलं तुम्हाला सावध करावं. दुसरी काय हाक मारणार? तुमचं नाव तेवढं ठाऊक होतं."

हेडली पुन्हा वल्ह्याशी जाऊन बसला. जिवंत माणूस मागं टाकून आपण कुणाला घरी आणलं, हे त्याला त्या बोटीत कळलं. बाकीच्या आठांना आम्ही रात्रीच विचारलं. हेडलीच्या मागं कोण होतं? प्रत्येकाला वाटत होतं, ती दुसऱ्या कुणाबरोबर आली आहे.

रात्रभर आम्ही बेट पालथं घातलं. मठ, चुनाभट्ट्या, उलट्या घातलेल्या बोटींखालची जागा. कुणी नाही. त्या रात्रीनंतर हेडलीनं वाळूवर पाऊल टाकलेलं नाही. पिम मास्तरांना मात्र दर महिन्याला पत्र लिहितो.

बेट धुंडाळून आलो त्या सकाळी नेलनं हेडलीचा रेनकोट चुलीपाशी वाळत घातला. मी तिथंच चहा घेत होतो. कोट वाळत गेला तसं पाठीकडच्या खालच्या काठावर पांढरं मीठ उमटायला लागलं. बाहेरच्या बाजूला एक अंगठा. नेलनं काठ उलटून बघितला. आतल्या बाजूला चार बोटं, लहानखुरी, घट्ट आवळलेली.

"तुला कळलं नाही?" तिनं हळूच विचारलं. "एवढा वेळ कुणी धरून होतं ते?"

"ओढ लागत होती," हेडली म्हणाला. "मला वाटलं, वारा आहे."

पोरांनो, त्या रात्री धुकं होतं. वारा नव्हताच.