वस्तादला झोप लागली त्या रात्री

बसा. दार लोटून घ्या, वारा आत येतोय. आणि तो मोबाइल खाली ठेव रे, उजेड तोंडावर पडला की तूच भुतासारखा दिसतोस. भुताची गोष्ट हवी ना? सांगतो. पण मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर मी उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो. ही ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे, आणि तो माणूस अजून आपल्या या रस्त्यावरून जातो-येतो.

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होतो तेव्हा तो आमच्याकडे ड्रायव्हर होता. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. उभा जन्म स्टिअरिंगवर गेलेला. अरुंद बोळात लांबलचक ट्रक उलटा घालायचा असला की बाकीचे ड्रायव्हर खाली उतरून त्याला हाक मारायचे. जिभेला मात्र हाड नव्हतं. नव्या पोराला रडवल्याशिवाय शिकवलं, असं कधी झालं नाही. त्याचा एकुलता एक मुलगा, बारक्या, त्याच्याच हाताखाली शिकला. म्हणजे सगळ्यांत जास्त बोलणी कुणी खाल्ली असतील, ते तुम्हीच समजा.

पुढे बारक्यानं कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला. लग्न केलं. बरं चाललं होतं. आणि एका रात्री भरलेली गाडी घेऊन एकटाच निघालेला असताना त्याच्या छातीत कळ आली. काय केलं असेल पोरानं? गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. मागून येणारं कुणी धडकू नये म्हणून दिवे चालू ठेवले. आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते टेकलंच. सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, ड्रायव्हरला डुलकी लागलीय. गाडीवर साधा ओरखडा नव्हता.

हप्ते कोण भरणार? फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली. घराबाहेर गाडी उभी राहायची ती जागा रिकामी झाली, आणि सून त्या बाजूची खिडकी उघडेनाशी झाली.

वर्षभरानं आमच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं बातमी आणली. बारक्याचा ट्रक जुन्या गाड्यांच्या यार्डात विकायला उभा आहे. झालं, वस्तादनं होतं नव्हतं ते विकायला काढलं.

"अहो, या वयात चालवणार आहात का ट्रक?" मिस्त्री म्हणाला. "मग कशाला हवाय?"

"तो तिथे उन्हात उभा आहे रे," वस्ताद म्हणाला.

गेल्या थंडीतली गोष्ट. बुधवार होता, आणि चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार होता. अंधार पडायच्या आत सौदा उरकायचा म्हणून दोघं दुपारी उशिरा यार्डात गेले. जाताना मिस्त्रीनं दहादा बजावलं. "तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. शेठला कळलं ना, की ही तुमच्या पोराची गाडी आहे, तर तो सालटी काढील. आपण दुसरीच गाडी बघायला आलोय. ही आपली जाता जाता. आणि दिसेल त्याला नावं ठेवायची. टायरला, स्प्रिंगच्या पाट्याला, इंजिनाला. तुम्ही नाव ठेवलं नाहीत तर भाव उतरायचा नाही."

"मला शिकवतोस?" वस्ताद म्हणाला. "नावं ठेवण्यातच माझा जन्म गेला."

यार्डाचा शेठ गोडबोल्या. पत्र्याच्या केबिनमधून हात पुसत आला, चहा सांगितला, खुर्च्या झटकून दिल्या. आधी एक निळी गाडी बघून झाली. मग एक लांब गाडी. मग मिस्त्री सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आणि ती कोपऱ्यातली?"

वस्तादनं तोवर तिच्याकडे मान वळवली नव्हती. आता वळवली. पुढच्या काचेवर खडूनं भाव लिहिला होता. धुळीनं दिवे आंधळे झाले होते.

"हिचा भाव जरा वरचा आहे बरं का," शेठ म्हणाला. "खोटं कशाला बोलू? एकाच हातावर चाललेली गाडी आहे. ज्यानं चालवली ना, त्यानं लेकरासारखी जपलीय. क्लच बघा. गिअर टाकून बघा, लोण्यात सुरी जावी तसा जातो. असा ड्रायव्हर हल्ली शोधून सापडायचा नाही."

इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून जे वस्तादच्या तोंडून एकदाही निघालं नाही, ते हा परका माणूस आपला माल खपवण्यासाठी भडाभडा बोलत होता. आणि त्यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. मिस्त्रीनं कोपरानं ढोसलं.

"कसलं काय," वस्ताद म्हणाला. "टायर एका अंगानं खाल्लेत. ब्रेकवर पाय ठेवूनच हाकलीय."

शेठनं वर चढून चावी फिरवली. एका दमात इंजिन सुरू झालं. "ऐका! आहे का कुठे खडखड?"

"आवाजावर काय जाता?"

"अहो, आवाजावरच जायचं असतं! चालवणाऱ्याचा हात कळतो."

"हात?" वस्ताद म्हणाला. "ड्रायव्हर नव्हताच तो. असल्याच्या हातात मी हातगाडीसुद्धा दिली नसती."

हे वाक्य त्यानं बारक्याला जिवंतपणी इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते आपोआप बाहेर पडलं. पडलं आणि...

इंजिन थांबलं.

आचके दिले नाहीत, अडखळलं नाही. बोलता बोलता कुणी गप्प व्हावं तसं थांबलं. शेठनं चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. काही नाही. शेठचा चेहरा पडला. मिस्त्रीचे डोळे मात्र चमकले. असला मोका तो सोडतोय होय! "लेकरासारखी जपलीय काय? लेकरू उठत नाही की हो!" असं करत करत त्यानं शेठला असा काही खाली आणला, की शेवटी शेठनं हात जोडले. "न्या बाबा एकदाची! ओढून न्या, ढकलून न्या, काय करायचं ते करा."

कागदावर सह्या झाल्या तोवर अंधार पडला. मिस्त्री खूश. वस्ताद मात्र गाडीपाशी गेला, बॉनेटवर तळहात ठेवला आणि पुटपुटला, "चल. घरी चल आता." वर चढून त्यानं चावी लावली. पहिल्या फटक्याला गाडी सुरू. शेठ तोंडात मारल्यासारखा बघत राहिला.

मिस्त्रीला दुसरं काम होतं, तो मोटारसायकलवरून निघून गेला. वस्ताद एकटाच ट्रक घेऊन रस्त्याला लागला.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूला शेतं, मध्येच एखादं बंद दुकान. वस्तादची नजर सारखी शेजारच्या रिकाम्या सीटकडे जात होती. शेवटी त्याला राहवेना.

"शेठला बनवायला बोललो रे मी," तो म्हणाला.

इंजिनाचा एकसारखा आवाज.

"सौद्यात बोलावंच लागतं. तुला काय माहीत नाही?"

काही नाही. आणि थोडं पुढे गेल्यावर गाडीनं आचके दिले, आणि बंद पडली. यार्डवाले टाकीतलं डिझेल काढून घेतात, पंपापर्यंत जाईल एवढंच ठेवतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. वस्ताद दुसऱ्यांना त्यावरून झापायचा. त्या दिवशी त्यानं काट्याकडे बघितलंच नव्हतं. तुम्ही म्हणाल, यार्डातही त्याचमुळे बंद पडली असेल. म्हणा. मीही म्हटलं होतं.

त्यानं मिस्त्रीला फोन लावला.

"आता नुसतं डिझेल ओतून भागायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "लाइनीत हवा शिरली. ती काढल्याशिवाय तुमचा बाप आला तरी गाडी हलायची नाही. सकाळी कॅन घेऊन येतो. तोवर झोपा गाडीतच."

"झोपतो," वस्ताद म्हणाला.

फोन ठेवला, आणि तो शब्द त्याच्या तोंडात तसाच राहिला.

पोरांनो, ड्रायव्हर लोकांत एक गोष्ट असते. दुसरा चालवत असताना ड्रायव्हर माणूस सहसा डोळा मिटत नाही. मिटलाच, तर त्यानं आपला जीव त्याच्या हातात दिला. याहून मोठी शाबासकी त्या धंद्यात नाही. बारक्या चालवायचा तेव्हा वस्ताद शेजारी ताठ बसायचा. रात्रभर. पाय फळीवर दाबून, जसा काही ब्रेक याच्याच पायाखाली आहे. बारक्या म्हणायचा, "बाबा, पडा की जरा मागे. मी आहे ना." हा पडायचा नाही.

त्या शेवटच्या खेपेला बारक्या दारात येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "चला की बाबा. दोघं जाऊ. आळीपाळीनं चालवू, आळीपाळीनं झोपू."

आणि वस्ताद म्हणाला होता, "तुझ्या गाडीत मला झोप येत नाही."

पोरगं एकटं गेलं.

आता तो त्याच गाडीत बसला होता. बाहेर मिट्ट काळोख. शेवटी तो म्हणाला,

"तू चांगला चालवायचास."

कुणी नाही.

"माझ्याहून चांगला. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं रे... मी बोललो नाही."

आणि मग तो रडला. पोराला पोचवून आला तेव्हा रडला नव्हता, तो आता ढसाढसा रडला. शेजारच्या सीटवर थापा मारून रडला. रडून रडून अंगातलं त्राण गेलं, तेव्हा सीटमागच्या फळीवर जाऊन आडवा झाला. डोळे मिटले.

किती वेळ गेला...

दार उघडलं.

ड्रायव्हरच्या बाजूचं.

गाडी किंचित कलली. कुणी पायरीवर पाय देऊन वर चढलं की कलते, तशी.

वस्तादच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळे उघडायचा धीर होईना.

दार लागलं. हळूच.

हँडब्रेक सुटला.

आणि इंजिन... सुरू झालं.

चाकाखाली रस्ता सरकायला लागला. दुसरा गिअर पडला. तिसरा. आवाज नाही. झटका नाही. असा गिअर टाकणारा हात जगात एकच होता. भीती कुठल्या कुठे गेली. आता नुसते डोळे उघडायचे होते. मान जराशी वर करायची. हातभर अंतरावर...

पण त्याच्या मनात आलं, मी बघितलं, तर याला वाटेल, बाबा परत पहारा करतोय.

त्यानं बघितलं नाही.

डोळे घट्ट मिटून घेतले. पाय सैल सोडले. म्हणाला, "सावकाश ने." आणि मग...

मग त्याला झोप लागली.

जाग आली ती सून दार वाजवत होती म्हणून. उजाडलं होतं. वस्ताद उठून बसला. समोरच्या काचेतून आपलाच बोळ दिसत होता. गाडी घराबाहेर, तिच्या जागेवर, उलटी लावून उभी होती. भिंतीपासून वीतभर अंतर.

तो खाली उतरला. सुनेचा चेहरा पांढराफटक.

"आत्ता पहाटे गाडीचा आवाज आला," ती म्हणाली. "मी झोपेतही ओळखला असता. उठले, दारापाशी गेले... तेवढ्यात गाडीचं दार लागलं. कुणी उतरलं. घाईघाईत कडीच निघेना, बाबा. निघाली तोवर..."

"तोवर काय?"

"बाहेर कुणी नव्हतं. आत डोकावलं तर तुम्ही मागे झोपलेले. घोरत होतात." तिनं स्टिअरिंगकडे बघितलं. "पुढे कोण होतं, बाबा?"

वस्तादला तिच्याकडे बघवेना. त्यानं तिला नुसतं जवळ घेतलं.

तेवढ्यात मिस्त्री कॅन घेऊन फणफणत आला. "मी तिकडे रस्ता पालथा घालतोय, आणि तुम्ही घरी? डिझेल कुणी दिलं?"

"कुणी नाही."

मिस्त्रीनं टाकीत काठी घातली. कोरडी ठणठणीत. इंजिनाच्या डिझेल-पंपाचा स्क्रू सैल केला. थेंब नाही. नुसती हवा. रात्रीचं मला वस्तादनं सांगितलं, हे मिस्त्रीनं. सांगताना तो पाणी मागत होता.

शेवटी कॅन ओतला, हवा काढली, आणि गाडी सुरू करून बघावी म्हणून मिस्त्री वर चढला. तर त्याला सीटवर बसताच येईना. गुडघे स्टिअरिंगला अडले. सीट पार पुढे ओढलेली होती, शेवटच्या खाचेपर्यंत. वस्ताद चांगला उंचापुरा माणूस. त्या सीटवर बसून त्याला बोळाच्या तोंडापर्यंतही गाडी आणता आली नसती. बारक्या आईवर गेला होता. ठेंगणा होता तो.

मिस्त्री खाली वाकला, सीट मागे सरकवायला त्यानं कडीला हात घातला.

"राहू द्या," सून म्हणाली.