शेपूट वळलं तर

"मांस नको. मांडीची हाडं, चरबी आणि बैलाचं अख्खं शेपूट द्या, माकडहाडासकट."

खाटकानं सुरा खाली ठेवला. "बाई, कुत्रं पाळलंय का?"

"देव पाळलाय."

तो इतकं मोकळं हसला की मलाही राग धरता येईना. प्रोकोपिस. ग्रीसमधल्या अर्काडियाच्या डोंगरात आमचं उत्खनन चालू होतं, तिथल्या गावातला एकुलता एक खाटीक. मग काही ना काही निमित्त काढून तो वर येऊ लागला. कधी पाव, कधी चीज... कधी नुसताच.

"थेक्ला, या राखेत एवढं काय बघतेस?"

"प्राचीन वेदीची राख आहे ही. मांडीची हाडं, गुडघ्याच्या वाट्या, शेपट्या. बाकीचं जनावर कुठाय? खाल्लं लबाड पुजाऱ्यांनी! मांस स्वतः हाणलं, देवाला धूर पाठवला. आता पुन्हा ताजी हाडं जाळून रंग ताडून बघायचाय."

"आणि देव राजी झाला हे कळायचं कसं?"

"जळताना शेपूट वर वळलं, की राजी."

तो बोटानं राख चाळत राहिला. "मग आपणही विचारू. वळलं तर... काम संपल्यावर अथेन्सला परत जाऊ नकोस. इथंच राहा. माझ्याजवळ."

त्याचे कान लाल झाले होते.

"चालेल," मी म्हटलं. पुजाऱ्यांना शिव्या घालणारी मी – आणि स्वतः एका शेपटाआड लपले.

शनिवारी खड्ड्याशेजारी आग पेटवली. प्रोकोपिसनं आणलेलं पुडकं सोडलं. आत शेपटाचे तुकडे. सांध्यासांध्यावर सफाईनं तोडलेले.

"हे काय केलंस?"

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "गिऱ्हाइकं सुपाला असंच नेतात गं... तुझा विचार करत होतो, हात आपोआप चालले. दुसरं आणतो! आत्ता आणतो!"

तो उताराला लागला. मी त्याची बाही धरली.

"थांब. देवाला विचारायची सोय तू तोडून ठेवलीस. आता मलाच बोलावं लागणार."

"मग... बोल ना."

चरबी चरचरली. धूर डोळ्यांत गेला – म्हणजे, धूरच असावा.

"राहते. आणि ऐक, शेपूट वळतंच. आगीत शिरा आखडतात, दर वेळी वळतं. मला आधीपासून माहीत होतं."

तो बघतच राहिला. "म्हणजे तू त्याच दिवशी... हो म्हणाली होतीस?"

"लाकूड घाल," मी म्हटलं. "आग विझतेय."