छातीवर हात ठेवून

उत्पला खिल्लारेच्या टेबलावर भेंडीच्या बियाची पिशवी धपकन पडली, तेव्हा तिचं डोकं आधीच फिरलेलं होतं. वीज गेलेली, पंखा बंद, आणि जालन्याचं ऊन खिडकीतून थेट मानेवर. तिनं वर बघितलं. समोर एक उंचापुरा पोरगा उभा. कपाळावर घाम, शर्टावर धूळ, आणि डोळे इतके हसरे, की तिला उगाचच राग आला.

"मॅडम, जल्दी बघता का? कुंभार पिंपळगाववरून आलोय."

"नंबरानं बघते."

"बघायची तशी गरजच न्हाई म्हणा. बी एकदम भारी आहे. मी स्वतः वाळवलंय. छातीवर हात ठेवून सांगतो..." आणि पठ्ठ्यानं खरंच हात ठेवला!

उत्पला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शेतकरी कंपनीसाठी बी पिकवायचे, आणि ही ते ओल्या कागदात गुंडाळून ठेवायची, मोड येतात का बघायची आणि मग निकाल द्यायची. हिच्यापुढं कुणाची ओळख चालत नसे की गोड बोलणं.

"इथं येणारा प्रत्येक जण छातीवर हात ठेवतो," ती चष्मा सावरत म्हणाली. "ज्याचं बी कुजकं निघतं, त्याचा हात तर जास्तच घट्ट असतो."

"अरे बाप रे... मंग काढू का हात?"

"राहू द्या. तपासणीत त्यानं काही फरक पडत न्हाई."

तो हसत हसत गेला. पिशवीवर नाव होतं, स्तेफन धर्मराज साळवे. उत्पलानं ते दोनदा वाचलं. कामाचा भाग म्हणून हं... असं तिनं स्वतःला बजावलं.

निकालाच्या दिवशी तो हजर. उत्पलानं त्याच्यासमोरच कागद उलगडला. दाण्यादाण्याला पांढरेशुभ्र मोड!

"बघा! माझी खात्री खरी निघाली का न्हाई?"

"तुमची खात्री न्हाई, बी चांगलं निघालं. ते तुम्ही रडत आणलं असतं, तरी असंच उगवलं असतं."

स्तेफन हसला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्याशी भांडायला मजा येते. चहा पिता पिता भांडू या का?"

झालं! तिथून गाडी सुटली ती सुटलीच. काही ना काही निमित्त काढून स्तेफन जालन्याला यायचा. मस्तगड भागात उत्पलाच्या घराजवळ एक चहावाला होता, तिथं दोघं बसायचे. तिला गरम चहा पिता येत नाही हे त्यानं कधी हेरलं कोण जाणे. बशीत ओतून, फुंकर घालून, न बोलता तो बशी तिच्याकडं सरकवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकदा अवकाळी पावसाची सर आली आणि दोघं पानटपरीच्या पत्र्याखाली अंग चोरून उभे राहिले. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला, आणि सर थांबल्यावरही कुणी जागचं हललं नाही...

"तू मला आवडतेस, उत्पला. आणि मी?"

"अजून तपासून राह्यले," ती म्हणायची. गालातलं हसू मात्र लपायचं नाही.

पण दोघांच्या मधे एक गोष्ट होती. उत्पलाचं घर बौद्ध. वडील राजानंद गुरुजी तिला लहानपणापासून सांगत आलेले, "मी सांगतो म्हणून मानू नको, पारखून मान." स्तेफनचे वडील गावच्या छोट्या चर्चचे पाळक. लग्नाचं कानावर घातलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "पोरगा चांगला असंल तर माझी ना न्हाई." पाळकसाहेब म्हणाले, "पोरगी विश्वासात आली तर माझी ना न्हाई." विश्वासात येणं म्हणजे बाप्तिस्मा घेणं, आणि चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर उभं राहून 'माझा ख्रिस्तावर विश्वास आहे' असं म्हणणं.

"म्हणून टाक ना," स्तेफन काकुळतीला येऊन म्हणाला. "एवढंसं वाक्य आहे. पुढचं आपण बघू."

उत्पलानं बशी खाली ठेवली. "कुजक्या बियाला चांगलं म्हण, अशी गळ आजवर लई जणांनी घातली मला. तू घालशील असं वाटलं नव्हतं."

तो ओशाळला. मग म्हणाला, "मंग तूच येऊन सांग बाबांना. माझं धाडस होत न्हाई."

ती कुंभार पिंपळगावला त्याच्या घरी गेली. मान खाली घालून जाणारी पोरगीच नव्हती ती. ओसरीवर पाळकसाहेब धर्मराज खुर्चीत, आणि खाटेवर त्यांची आई, झुंबरबाई. उत्पला म्हणाली, "जयभीम." पाळकसाहेब ख्रिस्ती घरांच्या रीतीनं म्हणाले, "सलाम, ये पोरी." बोलणं मऊ होतं त्यांचं, आणि तेच जास्त अवघड होतं.

"माझ्या आईकडं बघ," ते म्हणाले. "तरुणपणी नवरा गेला. भावकी म्हणाली, येशूला सोड, जमिनीचा वाटा देतो. हिनं जमीन सोडली. मजुरी करून मला वाढवलं, पण डगमगली न्हाई. एवढी खात्री माणसाला उगाच येती का? समोर कुणी असल्याबिगर येती का? माझ्यासाठी ही खात्रीच पुरावा हाय."

उत्पलानं आजीकडं बघितलं. वाळक्या काटकुळ्या हातांची म्हातारी, पण नजर अशी, की बघणाऱ्यानं उठून उभं राहावं. 'हो' म्हटलं की ही माणसं आपली, हा पोरगा आपला. 'न्हाई' म्हटलं की संध्याकाळची बस, आणि मग काहीच नाही.

"आजींपुढं मी हात जोडते, काका," ती म्हणाली. "पण माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हा गावानं त्यांचं पाणी बंद केलं. पोरं तहानेनं रडायची. तेही डगमगले न्हाईत. त्यांची खात्री आजींएवढीच पक्की होती, पण सांगत होती वेगळंच. नुसत्या खात्रीनं खरं ठरणार असंल, तर दोन्ही खरं ठरवावं लागंल. आजींच्या खात्रीवरून आजी किती मोठ्या आहेत ते मला कळतं. देव आहे का, ते न्हाई कळत. माझा विश्वास न्हाई बसलेला. आणि न बसलेला विश्वास मी मंडळीसमोर बोलून दाखवणार न्हाई... स्तेफनसाठीसुद्धा न्हाई."

स्तेफन जमिनीकडं बघत होता. उत्पलानं पर्स खांद्याला लावली. डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

"बस खाली!" खाटेवरून आवाज आला. झुंबरबाई उठून बसली होती. "धर्मा, मला इचारल्याबिगर माझा पुरावा करून राह्यला का तू? मला येशू भेटला, मी त्याला मानलं. हिला न्हाई भेटला. माझं बघून हिनं मानायचं, तर मंग भावकीचं बघून मी का न्हाई मानलं? त्ये बी लई खात्रीनं बोलत व्हते."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली.

"बाबा," स्तेफन एकदम उभा राहिला. "माझा विश्वास आहे आणि राहील. पण तिला खोटं बोल म्हणालो होतो मी, पाळकाचा पोरगा असून! ती न्हाई बोलली. मला तिचा अभिमान वाटतो, बाबा. लग्न करीन तर हिच्याशीच."

पाळकसाहेब खुर्चीतून उठले. मग सावकाश म्हणाले, "खोटा बाप्तिस्मा मी आजवर कुणाला दिला न्हाई, आणि घरच्या सुनेपासून सुरुवात करणार न्हाई. चर्चमधे मला हे लग्न लावता येत न्हाई, पोरी. ते दुखतंय मला, खोटं कशाला सांगू? पण कोर्टात लावा. आईला घेऊन मी येतो, आणि पुढच्या रांगेत बसतो."

झुंबरबाईनं उत्पलाला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "मव्हा नातू नशीबवान हाय," ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "खरं बोलणारी आणली!"

संध्याकाळी स्तेफन तिला बसपर्यंत सोडायला निघाला. भेंडीच्या शेताच्या बांधावर तो थांबला.

"मी सगळ्यांसमोर बोललो. तू मात्र अजून एकदाही..."

उत्पला थांबली. चष्मा काढून तिनं ओढणीनं पुसला.

"देव आहे का न्हाई, ते माझ्या खात्रीनं ठरत न्हाई," ती हळूच म्हणाली. "पण माझ्या मनात काय आहे, ते माझ्याशिवाय कोण सांगणार? माझं तुझ्यावर प्रेम आहे, स्तेफन."

स्तेफननं दुसऱ्यांदा विचारलं नाही. ही पोरगी खोटं बोलत नाही, हे त्यानं आजच डोळ्यांनी पाहिलं होतं.