दिवस मावळायच्या आत

क्रांती सरनोबत एक टॅब बंद करायला घाबरते, हे सांगून कुणाला पटलं नसतं. शिवाजी पेठेतल्या शाळेत ती भूगोल शिकवायची. वर्गात आवाज चढवला की मैदानावर फुटबॉल खेळणारी पोरंही दचकायची. पण कॉम्प्युटरसमोर बसली, की वाघाची शेळी!

त्या दुपारी पावसाची सर आली म्हणून एक उंच तरुण आडोशाला कॉम्प्युटरच्या खोलीत शिरला. तिच्या स्क्रीनकडे बघतच राहिला.

"अहो, एवढे टॅब? हे काय वाळवण घातलंय?"

"बंद केले तर परत सापडायचे न्हाईत. मी क्रांती सरनोबत, आठवीच्या मुलांसाठी पुराची माहिती गोळा करतेय. आणि तुम्ही कोण, पावणं?"

"सम्मेद मगदूम, शिरोळचा. सोमवारपासून तुम्हाला हेच शिकवायला येणार." तो हसला. "नाव क्रांती, आणि एवढीशी फुली दाबायला भ्या?"

ती चिडली. चिडायचंच होतं, पण त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि हसताना गालावर खळी पडत होती... मग कसलं चिडणं!

सोमवारपासून शाळा सुटल्यावर वर्ग भरू लागला. सापडलेली लिंक एका ऑनलाइन संग्रहात साठवायची, तिला लेबलं लावायची – 'नदी', 'पूर', 'शेती' – आणि टॅब खुशाल बंद करायचा. लेबल दाबलं की लिंक हजर. बाकीचे शिक्षक शिकून वेळेत घरी जायचे. क्रांती मात्र मागं राहायची.

खरं सांगायचं तर तिला तिसऱ्या दिवशीच सगळं आलं होतं. पण आलं म्हटलं, की तो निघून जाणार!

"सर, लेबल परत कसं लावायचं?"

"कालच दाखवलं की."

"विसरले..."

तो पुन्हा दाखवायचा, न कंटाळता. फक्त अधूनमधून खिडकीकडं बघायचा. आभाळ भरलेलं, दिवस कधी मावळला ते कळायचंही नाही. घरी कुणीतरी वाट बघत असणार याची, असं तिला वाटायचं, आणि मग ती मुद्दाम आणखी एक शंका काढायची. वर्गाचे दिवस संपत आले होते. एकदा गेला, की हा कशाला परत यायचा?

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिनं धीर केला. कोपऱ्यावरून गरम मूगभजी आणली.

"घ्या."

"नको. खरंच नको."

"का? मी आणलेलं चालत न्हाय?"

"तसं नाही हो." तो ओशाळला. "आम्हा जैनांचा चातुर्मास चालू आहे. दिवस मावळल्यावर मी खात नाही."

"मग तुम्ही जेवता कधी?"

"आई डबा देते. वर्ग सुटल्यावर खायचा, पण..." त्याची नजर खाली गेली. "तुम्हाला शिकवता शिकवता राहून जातं. मग देतो स्टँडवर कुणालातरी."

"म्हणजे रोज उपाशी?"

त्यानं बॅगेतला भरलेला डबा आणखी आत सारला.

क्रांतीला रडूच फुटलं. तिनं आपला संग्रह उघडून त्याच्यापुढं सरकवला. एकूण एक लिंक जागेवर होती, प्रत्येकीला लेबलं होती, आणि टॅब उघडा एकच.

"मला सगळं येत होतं," ती हुंदका आवरत म्हणाली. "तुम्ही थांबावं म्हणून... चुकलं माझं."

तो स्क्रीनकडं बघत राहिला. मग त्यानं बॅग उचलली, आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो येईल की नाही, या विचारातच तिनं पहाटे उठून त्याच्यासाठी भाकरी थापल्या. पण शाळा सुटली, तसा तो दारात उभा होता. खिडकीबाहेर लख्ख उजेड होता.

तिनं डबा उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी. कांदा नाही, लसूण नाही.

"आधी जेवा."

तो निमूट बसला. एक भाकरी संपवली, दुसरी मागून घेतली.

"काल रागानं गेलात न्हवं?"

"राग कसला? तुम्हाला सगळं आलं होतं, तर मला आता यायला कारण उरलं नाही, हेच बसमध्ये डोक्यात घोळत होतं." त्यानं घास हातातच धरला. "उद्यापासून कशाला येऊ मी?"

"जेवायला," क्रांती म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज वर्गातलाच निघाला. "दिवस मावळायच्या आत. रोज."

"चातुर्मास दिवाळीला संपतोय हं."

"मी कुठं चातुर्मासापुरतं म्हटलं?"

सम्मेदच्या गालावर खळी पडली. त्यानं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिच्यापुढं धरला.

"मग तुम्हीपण बसा की. एकट्यानं काय जेवायचं?"