बुजवलेले छिद्र

पुढील हकिकत मी गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, गिरीज येथे रोझलीनताईंच्या घरी त्यांच्याच तोंडून ऐकली. मी नाणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. एक सोन्याचे नाणे पाहण्यासाठी त्यांनी मला बोलावले होते.

नाणे संग्राहकांसाठी काढलेल्या वन्यजीव मालिकेतील होते. त्यांचे पती सेबेस्टियन जहाजावर नोकरीला. त्यांनी ते आणलेले. नाण्यावर बिबट्याची मादी होती. तिच्या जबड्यात मात्र सोन्याचा एक गुळगुळीत ठिपका.

“तिथे पिलू होते,” रोझलीनताई म्हणाल्या. “सासूबाईंचा हट्ट, पोरीला वाघनख बांधा. आता वाघनख कोण देणार? म्हणून हे दोऱ्यात ओवून हिच्या गळ्यात बांधले. सोनाराने भोक पाडले, ते नेमके पिलावर.”

आठ महिन्यांची प्रियल त्यांच्या मांडीवर जागी होती. आवाज नाही, हालचाल नाही.

“तेव्हापासून ही मागच्या उंबऱ्यावर सापडते. दाराला आतून कडी. मान ओली... भोक बुजवून आणले, पण पिलू कुठून आणू? असेच दुसरे मिळेल का, सर? अख्खे? उंबऱ्यावर ठेवीन. तिचे पिलू तिला देऊन टाकीन.”

अंधारून आले होते. माउलीच्या मूर्तीपुढची मेणबत्ती तेवढी जळत होती. मागच्या वाडीतून ओल्या केसांचा उग्र दर्प आला. पाठोपाठ करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज. थांबे... पुन्हा सुरू होई.

“शेजारी कुणीतरी लाकूड कापत असेल,” मी म्हणालो.

“मागे सगळी केळीच आहे, सर. केळीला करवत कशाला लागते?”

त्यांनी मुलीला उचलले. मानेला हात लागताच प्रियलने अंग सोडले, पाय पोटाशी घेतले आणि ती तशीच लोंबकळत राहिली.

मी नाण्यावर भिंग धरले. ठिपका आता गुळगुळीत नव्हता. त्यात पाय पोटाशी घेतलेली एक इवलीशी आकृती उठली होती. गळ्यात दोऱ्याएवढी रेघ.

“काही दिसते...?”

“नाही.”

आवाज थांबला. अगदी दाराशी. रोझलीनताईंनी नाणे मुठीत घेतले, मुलीला छातीशी आवळले. “तुम्ही दुसरे आणा, सर. लवकर आणा...”

बुधवारी मी तसेच नाणे घेऊन गेलो. घराला कुलूप होते. कुटुंब कुठे गेले, शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते.

सोनाराची मी भेट घेतली. छिद्र बुजवून घासले, कोरले काहीच नाही, असे त्याने सांगितले. एवढे पडताळले. त्या आकृतीला शेपूट होते की नाही, हे मात्र मला कधीच पडताळता आले नाही.