चहूकडचा फोटो

आपल्याच वावरात एक परका तरुण स्वतःभोवती हळूहळू गिरकी घेतोय, हे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दिसलं तेव्हा वैजयंतीला आधी हसू आलं आणि मग राग आला.

सप्टेंबर सरत आला होता. मेडशीच्या शिवारात सोयाबीन पिवळं पडलं होतं, मधल्या ओळींतली तूर तेवढी हिरवीगार होती. नुकतीच एक सर येऊन गेली होती. एरवी वैजयंती रोज एसटीनं तालुक्याला, मालेगावला, जायची. तिथं माती तपासायच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी होती. आज रविवार, म्हणून वडिलांचा, जानरावांचा, डबा घेऊन ती वावरात निघाली होती. आणि समोर हा! तिपाई स्टँडवर कॅमेरा, तो जरासा फिरवायचा, क्लिक करायचं, आणि त्याच्या पाठीमागं राहत आपणही एक पाऊल सरकायचं...

"काय मोजून राह्यले आमच्या वावरात?" तिनं विचारलं.

त्यानं मान वळवली नाही, नुसता हात वर केला. "तिथंच थांबा जरा... नाहीतर माह्या मागं या. मधात राह्यल्या तर फोटोत याल."

"वावर आमचं, अन् मी कुठं उभं राहाचं ते तुमी सांगनार?"

तेव्हा तो वळला. सावळा चेहरा, पावसानं कपाळाला चिकटलेले केस, आणि चोरी पकडल्यासारखं हसू. "वावर तुमचंच आहे. मी एसटीतून चाललो होतो. हा पिवळा रंग दिसला... अन् उतरलो."

पिवळं वावर पाहून कोणी एसटीतून उतरतं, हे वैजयंतीनं कधी ऐकलं नव्हतं. ती मुकाट्यानं त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. फोटो चहूकडचा होता, त्यामुळं लपायला जागा एकच, कॅमेऱ्याच्या पाठीशी. कॅमेरा फिरला की दोघांनीही सरकायचं. ओल्या मातीत तिची चप्पल रुतली, तोल गेला आणि तिनं नकळत त्याची बाही धरली. लगेच सोडलीही. पुढचं क्लिक करायला मात्र त्याला बराच वेळ लागला.

त्याचं नाव बादल. अनसिंगजवळच्या तांड्यावरचा. अनसिंगच्या एका स्टुडिओत कामाला होता, लग्नाचे फोटो काढायचा. पण हे काम पोटासाठी नव्हतं. धुऱ्यावर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. वर्षातून दोनदा, दिवस आणि रात्र सारखे होतात त्या दिवसांत, जगभरातले हौशी लोक एकच विषय घेऊन आपापल्या गावात असा फोटो काढतात आणि एका वेबसाइटवर एकत्र ठेवतात. या वेळी विषय होता रंग. मग त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं बोट सरकवलं तशी ती एका परक्या समुद्रकाठच्या बाजारात उभी राहिली. बोट वर नेलं तर तिथलं आभाळ दिसलं, खाली नेलं तर मासळीच्या टोपल्या. जानराव आले, त्यांनीही पाहिलं, आणि डब्यातली अर्धी भाकर बादलसमोर सरकवली.

आठवड्याभरानं तो मालेगावच्या बसस्टँडवर तिला शोधत आला. फोटो जोडून झाला होता, पण एक घोटाळा होता. फोटो चालू असताना वैजयंती धुऱ्यावरून चालत आली होती, त्यामुळं ती त्यात दोनदा आली होती. एकीकडं ओठ दाबून हसणारी, दुसरीकडं कमरेवर हात ठेवून रागावलेली.

"तुमाले विचारल्याशिवाय जगापुढं कसं ठेवू?" तो म्हणाला. "नको म्हनाल तर पुसून टाकतो."

"दोघींतली कोनती पुसाल?"

बादलनं खाली पाहिलं. "तेच तर ठरून नाही राह्यलं."

वैजयंती एसटीत चढली, खिडकीपाशी बसली, आणि गाडी हलता हलता म्हणाली, "दोघींयलेही राहू द्या."

मग तो काही ना काही निमित्तानं मालेगावला येऊ लागला. कधी कॅमेऱ्याची बॅटरी, कधी कोणाच्या लग्नाचा अल्बम. ती हसून म्हणायची, अनसिंगच्या दुकानात बॅटरी संपल्या वाटतं. थंडी पडली, तूर फुलली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा त्यानं आपल्या आईवडिलांबद्दल सांगितलं. फुलचंद आणि गोमतीबाई दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जात. लहानपणी तोही जायचा. "आमच्या घराले अर्धं वर्ष कुलूपच असते, मी स्टुडिओतच झोपतो," तो सहज बोलल्यासारखा म्हणाला. पण त्यानं तिला घर कधी दाखवलं नाही.

संक्रांतीनंतर अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, गावात पक्कं घर. वैजयंतीनं हे बादलला सांगितलं ते त्यानं काहीतरी बोलावं म्हणून. त्यानं रस्त्याकडं नजर वळवली. "चांगलं स्थळ आहे," म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिनं केला तर लग्नाच्या गर्दीत असल्याचं सांगून ठेवून द्यायचा. तिला आधी रडू आलं, मग संताप आला. एसटीच्या खिडकीशी बसून ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची.

होळी झाली. मार्चचा विषय जाहीर झाल्याचं तिला वेबसाइटवर दिसलं. तिनं त्याला विचारलं, फोटो कुठं काढणार? उत्तरात एवढंच आलं— 'या वेळी मी नाही. विषय घर आहे.'

ते वाचून तिचा सगळा राग गेला. 'पक्कं घर' ऐकून तो गप्प का झाला, हे तिला त्या एका ओळीत कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं आई चतुराबाईंना आणि वडिलांना सरळ सांगून टाकलं. चतुराबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. लोक काय म्हणतील, तांड्यावर आपली लेक कशी राहील, हे सारं त्या बोलल्या. जानराव आठवडाभर घरात जेवणापुरतेच यायचे. मग एका सकाळी त्यांनी मोटरसायकल बाहेर काढली, पुसली आणि म्हणाले, "चाल. मलेही पाहू दे."

तांड्यावर कुडाच्या भिंतींवर होळीचा रंग अजून होता. यंदा कारखाना लवकर बंद झाला होता, म्हणून फुलचंद आणि गोमतीबाई परतले होते. पोरगी मेडशीची म्हणताच गोमतीबाईंनी तिला निरखून पाहिलं. घरात हे नाव आधी निघालं असावं. जानराव फुलचंदांबरोबर कडुनिंबाखाली बसले. वैजयंतीनं अंगणाच्या मधोमध उभं राहून मोबाइल समोर धरला आणि जरा जरा फिरत फोटो काढू लागली. शेणानं सारवलेली जमीन, उन्हात वाळणाऱ्या मिरच्या, चुलीपाशी चहा ठेवणाऱ्या गोमतीबाई.

पाणी घेऊन आलेला बादल दारातच थांबला. हातातली कळशी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"तू... इथं काय करून राह्यली?"

"फोटो. मीही नाव दिलं या वेळी."

"विषय घर आहे," तो हळूच म्हणाला. "ज्यानं त्यानं आपल्या घराचा फोटो काढाचा असते, वैजयंती. हे तर माहं घर आहे."

"म्हनून तर आली," ती म्हणाली. तिनं नजर हटवली नाही. "तू विचारशील म्हनून वाट पाह्यली. तू विचारलंच नाही. आता मी सांगून राह्यली... मले इथं राहाचं आहे. तुह्यासोबत."

बादलनं कळशी खाली ठेवली आणि तिच्याकडं पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली— एकदा, आणि मग पुन्हा, जणू पहिल्यांदा तिला दिसलं नसावं. गोमतीबाईंनी पुढं होऊन तिच्या गालावरून हात फिरवला.

बादल कडुनिंबापाशी गेला आणि जानरावांच्या पायाला हात लावायला वाकला. जानरावांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं.

"अकोल्याच्या पाहुन्यायले मी काल नाही म्हनून आलो," ते म्हणाले. "आता तू मले नाही म्हनू नको."