टोपीची कड

मोहाऊची टोपी गाढवाने खाल्ली, तेव्हा ती त्याच्या डोक्यावरच होती.

तो झऱ्याशी वाकून ओंजळीने पाणी पीत होता. धुकं इतकं दाट होतं, की लिनेओला आधी नुसता आवाज आला... कर्र, कर्र... आणि मग आपल्या गाढवाचे हलणारे कान दिसले. पाण्याचा डबा तिथेच टाकून ती धावली.

"मोरेना! सोड म्हणते ना, सोड!"

तो तरुण दचकून उभा राहिला आणि अंगावरचं ब्लँकेट घाईघाईने नीट करू लागला. मोरेना म्हणजे सरकार. हा-लेसीया गावात प्रमुखालाही सगळे याच नावाने हाक मारत. लिनेओच्या आईने गाढवाचं हे नाव ठेवलं, तेव्हापासून प्रमुखांनी तिच्या दारावरून जायचं सोडलं होतं.

"कुठायत मोरेना?" त्याने हळूच विचारलं.

"ते घरी झोपले असतील. हा... माझा मोरेना."

त्याने गाढवाकडे पाहिलं. मग डोकं चाचपलं. गवताच्या टोपीचा शेंडा फस्त झाला होता आणि उरलेली कड गळ्यात हारासारखी पडली होती.

"माफ करा हं," लिनेओ म्हणाली. "त्याचा नाश्ता व्हायचा होता अजून."

"आता झाला." त्याने कड गळ्यातून काढून गाढवापुढे धरली. "हे पण घ्या, सरकार. उपाशी नका राहू." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "तीन वर्षं खाणीत ट्रंकेत जपली होती ही टोपी. गावी परत जाईन तेव्हाच घालीन म्हणून. कालच आलो."

लिनेओचा चेहरा पडला. "मी विणून देते नवी. येते मला. पंधरा दिवसांत देईन."

"आणि तोवर बोडका हिंडू?"

"केस चांगले आहेत की तुमचे—" तिने जीभ चावली, पण शब्द निसटून गेला होता. तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली, आणि लिनेओला उगाचच आठवलं की आपण आज जुना, विटका झगा घातलाय.

तिला गावात येऊन दोन हिवाळे झाले होते. आई गेल्यावर ती शहरातलं शिवणकाम सोडून आईच्या या झोपडीत राहायला आली. मागे उरलं होतं एक शिवणयंत्र आणि एक गाढव. गावातल्या बायका झगे शिवायला टाकत, झऱ्यावर "बरी आहेस ना?" विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जात. वाईट नव्हत्या त्या. पण जिला ना काका ना मामा, तिच्या दाराशी कोण कशाला बसेल? मग लिनेओ दिवसभराचं सगळं मोरेनाला सांगायची. कोणाचा झगा कंबरेत घट्ट होतोय, रात्री आई स्वप्नात आली, मक्याची उकड करपली. मोरेना कान मागेपुढे करत ऐकायचा. सगळं सांगून झालं, की तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभा राहायचा, अगदी आईच्या खांद्यावर टेकवायचा तशी. त्या वजनावरच तिचे दोन हिवाळे निभावले होते.

दुपारी मोहाऊ डोक्याचं माप द्यायला आला. ती टेप घेऊन त्याच्यामागे उभी राहिली आणि एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा माप घेतलं.

"डोकं वाढतंय का माझं?" त्याने विचारलं.

"हलताय तुम्ही."

"मी तर श्वासही घेत नाहीये."

ते खरं होतं. तीही घेत नव्हती.

त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी यायचा. ब्लँकेटच्या घडीत घरच्या झाडाचे पीच असायचे. अर्धे मोरेनाला, अर्धे तिला. मोरेना बी थुंकायला शिकला, लिनेओ मोठ्याने हसायला शिकली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कोणालाच कळलं नाही.

"झाली का टोपी?"

"कड राहिलीये."

"गेल्या आठवड्यातही कडच राहिली होती."

"मोठं डोकं, मोठी कड."

"टोपी विणतेयस की घराचं छप्पर?"

"घाई असेल तर बाजारातून घे."

"नाही नाही," तो चटकन म्हणायचा. "घाई... घाई कसली?"

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा सगळा प्रकार. तो टोपीपलीकडे काही विचारायचा नाही, ती कडेपलीकडे काही सांगायची नाही. पीचचा हंगाम मात्र कोणासाठी थांबत नाही. झाडं रिकामी झाली, मोहाऊचं ब्लँकेट रिकामं झालं, आणि मोरेनाला काही ते पटेना. एका सोमवारी तो उजाडायच्या आधीच दोरी सोडवून निघून गेला.

लिनेओ शोधायला निघाली, तेव्हा तो समोरून डुलत डुलत येत होता. तोंडात दोरीचा एक फास लोंबत होता. तो कुठला, हे तिला झऱ्यावर पोचल्यावर कळलं.

"ऐकलंस का पोरी? मोहाऊने वासरं सोडली!" एक बाई डबा भरता भरता म्हणाली. "त्याचा बाप, कोबेली म्हातारा, सकाळपासून एकटाच हसतोय."

जुनी रीत होती ती. मुलगा आईबापाला तोंडाने 'माझं लग्न करा' म्हणत नाही. तो पहाटे वासरांच्या आवाराच्या अडसराचा दोरीचा फास काढतो, वासरं गाईंचं सगळं दूध पिऊन टाकतात, आणि हा पठ्ठ्या परत जाऊन पांघरुणात शिरतो. बाप रिकामी चरवी बघतो आणि काय ते समजतो. हल्लीची पोरं फोनवरच सांगून मोकळी होत. त्यामुळे आपल्या नशिबी रिकामी चरवी नाही, असं म्हाताऱ्या कोबेलींनी धरूनच ठेवलं होतं. आता त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

"आणि मोहाऊ काय म्हणतो?" लिनेओने विचारलं.

"म्हणतो, मी नाही केलं! सगळे तेच म्हणतात गं. आमच्या नवऱ्याने तर बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं." बायका खिदळल्या. "मालिसेबोने मुलगीपण ठरवली. तिच्याच भावाची, दरीपलीकडची. शनिवारी निघतायत बोलणी करायला."

मालिसेबो म्हणजे मोहाऊची आई. बाई शब्दाची पक्की होती आणि आवाजाने त्याहून पक्की.

लिनेओ डबा अर्धाच भरून घरी आली. वासरं कोणी सोडली, हे गावात तिला एकटीलाच माहीत होतं. सांगितलं की मोहाऊ सुटला. पण मोरेनावर आधीच दोन तक्रारी होत्या. एकदा त्याने चर्चच्या वेदीवरची फुलं खाल्ली होती, आणि एकदा प्रमुखांच्या बायकोची वाळत घातलेली उशी. तिसऱ्या तक्रारीला कोंडवाडा, असं प्रमुखांनी चारचौघांत बजावलं होतं. कोंडवाड्यातून म्हातारं गाढव परत येत नाही. कातडीवाले व्यापारी दर महिन्याला तिथे ट्रक घेऊन येतात.

बुधवारी मोहाऊ आला. पीच नव्हते, खळीही नव्हती.

"शनिवारी निघतायत घरचे."

"ऐकलं."

"मी सांगतोय सगळ्यांना, मी नाही सोडली वासरं. कोणी ऐकत नाही." तो थांबला. मोरेनाकडे बघत म्हणाला, "तुला... काहीच म्हणायचं नाही?"

लिनेओने शिवणयंत्राचं चाक धरून ठेवलं. शब्द अगदी ओठांवर होते. मोरेना तेवढ्यात जवळ आला आणि त्याने हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली.

"मी काय म्हणणार?" ती म्हणाली. "टोपी... शनिवारपर्यंत देईन."

"हं. टोपी." तो उठला. दारात क्षणभर रेंगाळला, आणि गेला.

ते दोन दिवस तिने झऱ्यावर जायचंही टाळलं. शुक्रवारी संध्याकाळी तिने मोरेनाला झोपडीच्या आत घेतलं, शिवणयंत्राच्या लोखंडी पायाला दुहेरी गाठीने बांधलं आणि त्याच्यासमोर बसून रडली.

"तुला कोंडवाड्यात नेतील म्हणून गप्प बसले," ती म्हणाली. "पण त्याला बळेच नवरदेव करून तुला ठेवून घेतलं, तर मी तुझ्या डोळ्यांत कशी बघू रे? आईने असं नसतं केलं." मोरेनाने कान मागे केले. तिने टोपी मांडीवर घेतली आणि कड विणून पूर्ण केली. या वेळी शेवटची गाठ मारली.

शनिवारी सकाळी कोबेलींच्या अंगणात चार घोडे खोगीर घालून उभे होते. म्हातारे कोबेली, त्यांचे दोन भाऊ आणि मान म्हणून खुद्द गावप्रमुख, सगळे ठेवणीतली ब्लँकेटं पांघरून तयार. निम्मं गाव बघायला जमलेलं. लिनेओ एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात मोरेनाची दोरी धरून सरळ मधोमध जाऊन उभी राहिली.

"जाऊ नका," ती म्हणाली. "मोहाऊने वासरं सोडली नाहीत. मोरेनाने सोडली."

"मी?" प्रमुख घोड्यावरून ओरडले.

हशा पिकला. लिनेओ हसली नाही. "माझ्या गाढवाने. पीच शोधायला आला होता. मला सोमवारीच कळलं होतं, पण मी बोलले नाही. कारण ही तिसरी तक्रार आहे." तिने दोरी पुढे केली. "न्या त्याला. पण मोहाऊला मनाविरुद्ध अडकवू नका."

म्हातारे कोबेली दाढी खाजवत म्हणाले, "सोमवारचं समजलं, पोरी. आणि आजचं?"

"आजचं काय?"

"आज पहाटे पुन्हा चरवी रिकामी! आम्ही म्हटलं, पोराला घाई झालीये."

"आज?" लिनेओ गोंधळली. "आज तो नाही आला. शिवणयंत्राला बांधलेला होता रात्रभर. मग कोणी..."

"मी," मोहाऊ म्हणाला.

तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता, बोडका. त्याचे कान लाल झाले होते. "सोमवारी गाढवाने सोडली. खुरांचे ठसे दिसले होते मला, पायाने पुसून टाकले. सांगितलं असतं तर हिचा मोरेना कोंडवाड्यात गेला असता." तो लिनेओकडे बघत पुढे आला. "आज मी सोडली. तोंडाने सांगायला जमत नव्हतं म्हणून. पण दरीपलीकडे जाऊ नका, बाबा. इतक्या लांब जायची गरज नाहीये."

सगळ्यांच्या माना एकदम लिनेओकडे वळल्या.

"तुझं काय म्हणणं आहे, पोरी?" कोबेलींनी विचारलं.

लिनेओने हातातली टोपी पाहिली. "टोपी पंधरा दिवसांतच झाली होती," ती म्हणाली. "त्यानंतर रोज संध्याकाळी मी कड उसवत होते. टोपी दिली असती... तर हा परत कशाला आला असता?"

झऱ्यावरच्या बायकांपैकी कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं, आणि मग जो गलका उठला, त्यात घोडेही बुजले. सगळ्यांच्या वर मालिसेबोचा आवाज होता. "भावाला काय सांगू मी? गाढवाने सून ठरवली म्हणून?"

"तसंच सांग," कोबेली म्हणाले. "खरं बोलायला काय लाज?" मग ते गंभीर झाले. "पण रीत ती रीत. बोलणी करायची तर मुलीच्या घरच्यांशी. पोरी, तुझ्या घरचं कोण आहे?"

हा प्रश्न लिनेओला दोन हिवाळे कोणी विचारला नव्हता. तिने मोरेनाच्या मानेवर हात ठेवला.

"हाच आहे."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोबेली घोड्यावरून उतरले. त्यांच्यामागे भाऊ उतरले. शेवटी प्रमुखही उतरले, ब्लँकेट नीट केलं आणि गाढवासमोर येऊन उभे राहिले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तो प्रसंग हा-लेसीयाने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

"मोरेना," प्रमुख खाकरून म्हणाले, "तक्रार रद्द. आम्ही मुलगी मागायला आलो आहोत."

लिनेओ रडत होती आणि हसत होती. तिने टोपी मोहाऊच्या डोक्यावर ठेवली. माप बरोबर होतं, तीनदा घेतलं होतं ना. तो काहीतरी बोलणार, इतक्यात मागून गरम श्वास आला... कर्र.

"हे हो समजायचं का?" कोबेलींनी विचारलं.

"समजा," मोहाऊ म्हणाला. अर्धा शेंडा गेला होता, खळी परत आली होती.

"पुन्हा विणावी लागणार," लिनेओ डोळे पुसत म्हणाली. "पंधरा दिवस लागतील."

"वीण की. पण या वेळी कड उसवू नकोस."

"का बरं?"

"टोपी झाली... तरी मी येणारच आहे."